‘महाराजा’चा ‘प्रभो’ करणाऱ्या भाईस

भाई, काल वाचनालयात तुझी शोकसभा झाली. तू असतास तर पहिल्या भाषणालाच उठून गेला असतास, आणि तेवढ्यापुरती मी तुझ्या बाजूची झाले असते. ग्रीक भाषेचं एक अक्षर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी तुला महामेरू म्हटलं. एका वक्त्यानं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत तुला संस्कृतचा पंडित समजून श्रद्धांजली वाहिली. कुणालाच काही खटकलं नाही. ऐकणाऱ्यांपासून दोन्ही भाषा सारख्याच लांब होत्या.

मुंबईहून तुझा तो लाडका शिष्य आला होता, आता स्वतः प्राध्यापक झालेला. फोंडाघाट उतरताना त्याला एसटी लागली होती, म्हणून आल्या आल्या मी त्याला कोकमाचं सरबत दिलं. ते पोटात गेल्यावर जरा रंग आला आणि त्यानं विचारलं, “सरांचे अखेरचे शब्द काय होते?” तोंडावर असा भाव, की तू ग्रीकमधून काहीतरी बोलूनच प्राण सोडला असणार. मी म्हटलं, “पाणी मागितलं.” बिचाऱ्याचं तोंड उतरलं. पण तुझ्याच हाताखाली तयार झालेला तो. संध्याकाळी भाषणात म्हणाला, “सरांनी अंतकाळी जलाची याचना केली.” सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत जल झालं होतं. गुरू तसा चेला म्हणतात ते खोटं नाही.

मलाही बोलायचा आग्रह झाला. घसा बसलाय म्हणून मी टाळलं. घसा ठणठणीत होता, पण मी जे बोलले असते ते ऐकून लोक म्हणाले असते, सख्खी बहीण असून मेलेल्याला टोचते. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये ही रीत मलाही ठाऊक आहे. ती रीत पाठीमागून बोलणाऱ्यांसाठी असावी. मी आयुष्यभर तुझ्या तोंडावर बोलत आले. आता तू गेलास म्हणून जिभेला साखर लावून बसणं मला जमायचं नाही. आपला वाद अर्धाच राहिला आहे, आणि तो एका शब्दाचा वाद आहे. तो शब्द तू कोशातून घेतलास की देवळातून, एवढंच मी विचारत होते. तू खरं उत्तर दिलं नाहीस.

तू मुळात असा नव्हतास, म्हणून तर राग येतो. कॉलेजात होतास तेव्हा सुटीला आगबोटीनं यायचास, पडावातून किनाऱ्याला उतरताना धोतर भिजवून घ्यायचास आणि दुसऱ्या दिवसापासून मागीलदारी बैठक मारायचास. मी फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली असायची. तू ती ग्रीक नाटकं सांगायला लागायचास, आणि सांगायचास कुठल्या भाषेत? आपल्या. राजाची तारवं समुद्रावर गेली आहेत, परत येत नाहीत, बायका किनाऱ्यावर उभ्या आहेत, आणि त्यांतली एक म्हातारी राजाला म्हणते, “आमचे घोव दर्यात गेले म्हाराजा, आनी तू हयसर हार घालून उभो रवलंस?” माझ्या अंगावर काटा यायचा. आत चुलीपाशी आईचा हात थांबायचा. ती तिथूनच विचारायची, “मगे? तारवां इली काय नाय?”

“आये, ह्यां आपल्या हयचां न्हय. ग्रीसातलां.”

“खंयचां का असंना,” आई म्हणायची, “बायलांका काय जबाब दिल्यान त्या राजान?”

भाई, त्या एका प्रश्नात जेवढं नाटक होतं तेवढं तुझ्या छापलेल्या चारशे पानांत नाही. पुढं पुस्तक छापलंस तेव्हा हे मी तुला सांगितलंही होतं, आणि तू चष्मा पुसत हसला होतास, मुलांच्या वहीत चूक सापडल्यासारखा.

मी शिकले ते तुझ्यामुळे. हे मी कालही नाकारलं नसतं, आजही नाकारत नाही. बाबांनी माझी शाळा बंद करायचं ठरवलं तेव्हा तू ओटीवर त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालास, “सुमी शाळेत जायत नाय तर मीय कॉलेजात जानंय नाय.” बाबांपुढं मान वर करून बोललेला तुला मी तेवढं एकदाच पाहिलं. मास्तरीण झाले, चार माणसांत उभी राहिले, ते त्या एका वाक्यावर. म्हणूनच पुढं तू जे झालास ते मला सोसलं नाही. ज्यानं आपल्याला उभं केलं त्याला फुकट जाताना पाहणं वाईट.

प्राध्यापक झाल्यावर पहिल्यांदा घरी आलास तो छापील होऊनच आलास. आईला म्हणालास, “मला आता भूक नाही, प्रवासाचा शीण आला आहे.” दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं तुला विचारलं, “तुमका आनी भात व्हयो?” तुमका! पोटच्या झिलाला! तुझ्या ते लक्षातही आलं नाही. तू म्हणालास, “नको, पुरे.” मरेपर्यंत आई तुला ‘तुमी’च म्हणाली, कलेक्टर जेवायला बसल्यासारखी. तिला वाटलं, तुला तसंच हवं असणार. आणि तुला तसंच हवं होतं.

मग तू त्याच तारवांच्या नाटकाचं भाषांतर केलंस. एवढा मोठा ग्रंथ, वर सोनेरी अक्षरं. मी उघडला आणि मला किनाऱ्यावरच्या त्या बायका ओळखूच येईनात. त्या ‘हा हंत’ म्हणत होत्या! आपल्या किनाऱ्यावर माणूस दर्यात गेल्यावर बायका काय म्हणतात ते तू लहानपणापासून कानांनी ऐकलंस, आणि पुस्तकात त्यांच्या तोंडी ‘हा हंत’ घातलंस. अख्ख्या पुस्तकात एकच शब्द जिवंत सापडला. राजा समुद्राच्या देवाला हाक मारतो तिथं तू ‘महाराजा’ लिहिलं होतंस. मी तुला तेव्हाच म्हटलं, “भाई, ह्यो शब्द बरो गावलो तुका.” तू गंभीरपणे मला सांगितलंस, की मूळ ग्रीक शब्दात सत्ता आणि शरणागती या दोन्ही छटा आहेत आणि कोशकारांची मतं तोलून तू ही योजना केली आहेस. मला वाटलं, तुला कळलं आहे, फक्त कबूल करायला लाजतोस.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तू ते नाटक इथं करायचं ठरवलंस. शाळेच्या पटांगणात बाकांचा मंच घातला, गॅसबत्त्या टांगल्या. राजा तूच. वृद्ध नागरिकांच्या वृंदात पोस्टमास्तर, आमच्या शाळेचे मास्तर, पेठेतले दोन दुकानदार. पंधरवडाभर त्यांना तू छडी आपटत तालीम दिलीस. “वृंद म्हणजे एक माणूस. एका दमात आवाज आला पाहिजे. जो मागे राहिला तो वृंदातून गेला!” बिचारे पोस्टमास्तर ‘दुर्धर दैवगती’ म्हणताना दर वेळी मागे राहायचे, आणि तू सगळ्यांसमोर त्यांना म्हणायचास, “तुम्ही पुन्हा मेलात.”

त्या संध्याकाळी सगळं गाव लोटलं होतं. वाडीतल्या होडीवाल्यांच्या बायका पुढं बसल्या होत्या. त्यांत जनाबाय होती. तिचा घोव त्या वर्षी पावसाच्या तोंडावर दर्यावर गेला तो परत आला नव्हता. प्रेतही लागलं नव्हतं, म्हणून कुंकू पुसायचं की नाही तेही तिला कुणी सांगत नव्हतं.

पहिला प्रवेश लोकांनी सभ्यपणे सोसला. मग तू पुढं आलास, दोन्ही हात वर केलेस आणि आभाळाकडे बघून म्हणालास, “हे सागराधिपते महाराजा! दूर देशी गेलेली आमची तारवे सुखरूप तीरास लागोत, महाराजा!” आणि थांबलास. पुस्तकाप्रमाणं तिथं थांबायचंच होतं. मग वृंदानं दैवगती म्हणायची होती.

भाई, तू कुणापुढं थांबला होतास? आपल्या गावात देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी मोठ्यानं एकेक मागणं मागतो, शेवटी ‘म्हाराजा’ म्हणून थांबतो, आणि जमलेली झाडून सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” हे आईच्या दुधासारखं अंगात असतं. तिथं कोणी विचार करत नाही. पाठीमागच्या अंधारातून कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

तू दचकलास. पण नाटक पुढं न्यायला हवं होतं. तू दुसरं मागणं मागितलंस, “आमच्या स्त्रियांचे अश्रू पुसले जावोत, महाराजा!” आणि या वेळी सगळं पटांगण बोललं, “व्हय म्हाराजा!” मंचावरचे पोस्टमास्तरसुद्धा बोलले, आणि मुख्य म्हणजे वेळेवर बोलले. मागच्या बाजूला दोन-चार पोरं खिदळली असतील, नाही म्हणत नाही. पण मी पुढं बघत होते. जनाबायनं हात जोडले होते, आणि ती तुझ्याकडे बघत नव्हती, तू ज्याला हाक मारत होतास त्याच्याकडे बघत होती. तुला छडी आपटून जमला नाही तो वृंद आपणहून समोर येऊन बसला होता. अशी संध्याकाळ तुझ्या त्या ग्रीक कवीलाही हेवा वाटावी अशी होती.

आणि तू काय केलंस? मुकुट सारखा करून ओरडलास, “गप रवा रे सगळे!”

त्या सबंध नाटकात तू मनापासून बोललेलं एवढंच वाक्य. लोकांना वाटलं नाटकातला राजाच रागावला, ते चिडीचूप झाले. तू मंचावरून उतरलास, ताडताड घरी निघून गेलास. राहिलेलं नाटक कधी झालंच नाही. तारवांचं काय झालं ते गावाला कळलं नाही.

सकाळी तू बॅग भरत होतास. म्हणालास, “त्यांनी माझी थट्टा केली.”

“जनाबाय थट्टा करी होती?”

“ते नाटक होतं, सुमे. देऊळ नव्हतं.”

“तूच सांगायचंस ना, थंय नाटक देवाच्या जत्रेतच व्हायचां? मधी देवाची वेदी आसायची?”

“ते निराळं.”

तुझी सगळी विद्या या दोन शब्दांत होती, भाई. तिकडचा देव तो देव, त्याचा उत्सव, त्याची वेदी, त्याच्यापुढं रडणाऱ्या बाया, त्या सगळ्यावर तू व्याख्यानं द्यायचास. इकडे तेच पायाशी आलं की ते निराळं. दूरच्या देवाला फुलं वाहायला काहीच लागत नाही, तो आपल्याला नावानं ओळखत नाही. मी शेवटचं विचारलं, “बरां तर. ‘महाराजा’ हो शब्द तू कोशातून घेतलंस काय देवळातून? खरां सांग.” आजोबांचं बोट धरून तू देवळात उभा राहायचास आणि सगळ्यांत मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचास, हे आई शेजारणींना कौतुकानं सांगायची. तू बॅगेचा पट्टा ओढलास आणि म्हणालास, “कोशातून.” मग चहासुद्धा न घेता गेलास.

त्यानंतर तू एक लेख लिहिलास, की शोकांतिका पचवायला प्रेक्षकही तयार व्हावा लागतो, आणि आपल्याकडचा अडाणी प्रेक्षक तिचीही आरती करून टाकतो. गावाचं नाव घातलं नव्हतंस, एवढे उपकार. आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी आधी तेच पान उघडलं. पानभर ‘प्रभो’. “हे सागराधिपते प्रभो! तीरास लागोत, प्रभो!” एकही ‘महाराजा’ शिल्लक ठेवला नव्हतास, वेचून काढला होतास, भातातला खडा काढावा तसा. चारशे पानांतला एकमेव जिवंत शब्द तू स्वतःच्या हातानं मारलास, कशासाठी, तर पुन्हा कुणी ‘व्हय’ म्हणू नये म्हणून. त्या दिवशी मला तुझी मनापासून किळस आली. भित्रा माणूस मला चालतो. विद्वत्तेची शाल पांघरून भिणारा चालत नाही.

जनाबाय मात्र मला वाटेत भेटली की विचारायची, “बाय, भाईंचां नाटक पुरां कधी होतलां? ती तारवां परत इली काय नाय?” ती बुडतात, हे मला ठाऊक होतं. मी तिला सांगायची, “भाई इलो की तेकाच इचार.” तू दर वर्षी गणपतीला येणार म्हणायचास आणि यायचा नाहीस.

शेवटी आलास तो आजार घेऊन. डॉक्टरांनी हात टेकल्यावर. मी पेज केली तर म्हणालास, “थोडी तांदळाची कांजी चालेल.” पेज म्हटलं असतंस तर कुठल्या विद्यापीठानं पदवी काढून घेतली असती? तापात माणसं बरळतात ती आपल्या भाषेत बरळतात म्हणे. तू तापातही व्याकरणशुद्ध बरळलास. मी उशाशी बसून ऐकायची आणि मला हसू यायचं, आणि मग मागीलदारी जाऊन मी रडायची.

गावचे मानकरी तातू गांवकर एक दिवस दारात आले. “सुमतीबाय, भाईसाठी देवाक एक नारळ ठेवया.” तू खाटेवरून ऐकलंस. “माझ्या नावानं असले प्रकार नकोत.” तातू परतले. मी दुसऱ्या सकाळी त्यांना बोलावलं, तुला न विचारता. माझी शाळा चालू ठेवताना तू तरी मला कुठं विचारलं होतंस?

दारापुढच्या खळ्यात तुळशीपुढं नारळ ठेवला. शेजारपाजारची पाच-सात माणसं, जनाबायही आली होती. तातूंनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा! ह्या घराचो झिल मुंबयसून घराक परत इलो हा. शिकान-सवरान मोठो झालो. तेच्या हातसून काय चुकलां-माकलां आसात, तां पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हटलं.

आमचा आवाज विरला. तातू पुढचं मागणं मागायला तोंड उघडणार, तोच आतून आवाज आला. घोगरा, तुटका, पण सगळ्यांना ऐकू येईल असा.

“व्हय म्हाराजा.”

तातू थांबले. जनाबायनं दाराकडे बघून पुन्हा हात जोडले. राहिलेलं गाऱ्हाणं कसं झालं मला आठवत नाही. मी आत आले तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, “भाई, काय म्हटलंस तू?” तू डोळे न उघडता म्हणालास, “काय नाय गो. पाणी दी.”

दी. ‘दे’ नाही. इतक्या वर्षांनी. मी पाणी पाजलं. त्यानंतर तू बोलला नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलास.

आता मी काय समजू? तुझं काही सांगता येत नाही. थट्टा केली असशील. आजारपणातही वृंदाची तालीम घेत असशील. किंवा आजोबांचं बोट सापडलं असेल तुला. मला कळायचा मार्ग तू ठेवला नाहीस, नेहमीसारखाच. आणि तेही म्हटलंस ते उशिरा. आमचं सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटाच, मागून. पोस्टमास्तरांना तू जो नियम लावलास त्या नियमानं तू वृंदातून गेलास, भाई. आमच्यात मात्र तसा नियम नाही. गाऱ्हाण्यात मागाहून आलेलं ‘व्हय’सुद्धा मोजतात.

जनाबायला मी परवा सांगितलं, तारवं बुडाली. ती म्हणाली, “तरी मागूक व्हयां होतां. राजान मागल्यान, तां बरां केल्यान.”

आज सकाळी तुझ्या शिष्याला एसटीवर सोडायला गेले होते. तुझ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती तोच काढणार आहे. गाडीची वाट पाहताना मला म्हणाला, “ताई, सरांनी काही दुरुस्त्या सुचवल्या होत्या का?”

“एकच,” मी म्हटलं. “जिथं जिथं ‘प्रभो’ आहे तिथं पुन्हा ‘महाराजा’ घालायचं.”

तो बावरला. “पण सरांनी तर तो शब्द स्वतःच काढला होता. परत घ्या असं त्यांनी केव्हा सांगितलं?”

“जलाची याचना करायच्या अगोदर,” मी म्हटलं.